मोठ्या संख्येचे गुणधर्म काढायचे कसे? १,२३,४५,६७८ घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत

विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या मूळ की संयुक्त, दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, असे प्रश्न स्पर्धा परीक्षांत, शाळेच्या प्रकल्पात आणि कोड्यांत नेहमी येतात. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. कारण बहुतेक वेळा एकच: मूळ अवयव पुरते काढायच्या आधीच सूत्र लावायची घाई. एखादा अवयव सुटला किंवा संयुक्त संख्येला मूळ समजून पुढे गेलात, की खालचं प्रत्येक उत्तर चुकीचं येतं, आणि ते दिसायला अगदी बरोबर दिसतं.

म्हणून इथे एकच संख्या घेऊन सगळं काम करून दाखवतो: १,२३,४५,६७८. कागद-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

तयारी

संख्या एकदा स्वल्पविराम न घालता लिहा: १२३४५६७८. अंक मोजा, आठ आहेत. प्रत्येक नव्या पानावर दिलेल्या संख्येकडे बघूनच ती पुन्हा लिहा. आधीच्या ओळीवरून उतरवत गेलात की अंकांची अदलाबदल होते.

१२० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी शेजारी ठेवा, त्या ३० आहेत. यादी स्वतः केली असेल तर ५१, ५७, ८७, ९१, १११, ११७ आणि ११९ यांतली एखादी घुसली नाही ना, ते पाहा. त्या दिसतात मूळ, पण नाहीत (९१ म्हणजे ७ × १३, ११९ म्हणजे ७ × १७). अशी एखादी घुसली तर फक्त एक भागाकार फुकट जातो. पण खरी मूळ संख्या गळली तर सगळं काम वाया जातं. १ यादीत नको, ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर त्यावर किती अंक दिसतात ते पाहा. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ९८७६५४३३ ला २ ने भागा. खरं उत्तर ४९३८२७१६.५, पण पडद्यावर जागा आठच अंकांना, त्यामुळे .५ दिसतच नाही. विषम संख्येला २ ने नि:शेष भाग गेला असं वाटून बसतं.

एक्सेलमध्ये वेगळी गोम आहे. तिथे फक्त पहिले १५ अंक खरे राहतात, सोळाव्यापासून पुढे गुपचूप शून्य पडतं. सोळा अंकी संख्या टाकून तिचे विभाजक शोधलेत तर ते दुसऱ्याच संख्येचे निघतात.

टप्पा १: शेवटचे अंक आणि अंकांची बेरीज

आधी जे फुकट मिळतं ते घ्या.

शेवटचा अंक ८, म्हणजे संख्या सम. शेवटचे दोन अंक ७८, त्यांना ४ ने भाग जात नाही, म्हणून २ हा अवयव एकदाच येतो. एकक स्थानी ८ असलेली संख्या कधीच पूर्ण वर्ग नसते (२, ३ आणि ७ चंही तसंच), तेव्हा तो प्रश्न इथेच मिटला.

अंकांची बेरीज १+२+३+४+५+६+७+८ = ३६, म्हणजे ९ ने भाग जातो. आता २ आणि ९ बाहेर काढा:

१२३४५६७८ ÷ २ = ६१७२८३९
६१७२८३९ ÷ ९ = ६८५८७१

उरलेल्या ६८५८७१ च्या अंकांची बेरीज ३५, त्यामुळे आणखी ३ निघत नाही. शेवटी १ आहे, म्हणून ५ ही नाही. आतापर्यंत २ × ३² × ६८५८७१.

सावधान: अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ इथेच थांबते. बेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जातो असं नाही. १८९९ ची बेरीज २७ आहे, पण १८९९ = ९ × २११. आणखी ३ आहे का हे बघायचं असेल तर आधी ९ ने भागा, मग भागाकाराच्या अंकांची बेरीज करा.

टप्पा २: सीमा ठरवा

उरलेली संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. म्हणून शोध वर्गमुळापर्यंतच करायचा.

८२८² = ६८५५८४ आणि ८२९² = ६८७२४१. म्हणजे ६८५८७१ साठी सीमा ८२८.

इथे दोन प्रकारची माणसं चुकतात. काही जण मूळ १२३४५६७८ चं वर्गमूळ घेतात, ते ३५१३ च्या पुढे जातं, आणि काम उगाच चौपटीने वाढतं. काही जण कंटाळून पन्नास-साठच्या आसपास थांबतात आणि 'उरलेली मूळ असणार' असं ठरवून टाकतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. सीमा नेहमी *आता हातात उरलेल्या* संख्येवरून काढायची, आणि नवा अवयव निघाला की नव्याने काढायची.

टप्पा ३: ७, ११ आणि १३ एका झटक्यात

१००१ = ७ × ११ × १३. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आलटूनपालटून वजा-अधिक केले, तर या तिन्हींच्या बाक्या एकदम कळतात.

६८५ | ८७१ → ८७१ − ६८५ = १८६

१८६ ला ७ ने भागल्यावर बाकी ४, ११ ने भागल्यावर १०, १३ ने भागल्यावर ४. तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही.

सावधान: आपल्याकडच्या वाचकांची ठरलेली चूक इथली. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देतो, आणि हात आपोआप त्यावरच गट पाडतो. १,२३,४५,६७८ वर ६७८ − ४५ + २३ − १ = ६५५ असं कराल, तर ७ ने बाकी ४ येते, आणि ती चूक आहे. बरोबर गट १२ | ३४५ | ६७८. म्हणजे ६७८ − ३४५ + १२ = ३४५, आणि ७ ने बाकी २. म्हणूनच तयारीत स्वल्पविराम काढायला सांगितले.

टप्पा ४: क्रमाने भागत जा, बाकी लिहून ठेवा

आता १७ पासून पुढे. नुसतं 'जात नाही' लिहू नका, बाकी लिहा. नंतर कुठे चुकलं हे शोधायला तीच उपयोगी पडते.

१७ → ६
१९ → ९
२३ → ११
२९ → २१
३१ → २७
३७ → २
४१ → २३
४३ → २१
४७ → ०

४७ ने नि:शेष भाग गेला: ६८५८७१ = ४७ × १४५९३.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना दशांशाकडे बघून अंदाज करू नका. भागाकाराचा पूर्ण भाग घ्या, भाजकाने गुणा, जिला भागलं त्या संख्येतून वजा करा. ६८५८७१ ÷ २९ केल्यावर २३६५०.७२४… दिसतं. २३६५० × २९ = ६८५८५०, बाकी २१. दहा सेकंदांचं काम आहे, पण त्यात शंका उरत नाही.

टप्पा ५: सीमा खाली आणा

बहुतेक वह्यांत काम बिघडतं ते इथे. ४७ सापडला की विद्यार्थी एकतर १४५९३ ला न तपासताच मूळ म्हणून मोकळे होतात, नाहीतर जुन्याच ८२८ च्या सीमेपर्यंत रेटत राहतात.

नवी सीमा: १२०² = १४४००, १२१² = १४६४१. म्हणजे १२०.

८२८ पर्यंत १४४ मूळ संख्या आहेत, १२० पर्यंत फक्त ३०. त्यातल्याही ४३ पर्यंतच्या पुन्हा तपासायच्या नाहीत. २ आणि ३ तर आपण पुरते बाहेर काढले, आणि ५ ते ४३ पैकी एकाचाही भाग ६८५८७१ ला गेला नाही. मग त्याच संख्येचा अवयव असलेल्या १४५९३ ला यांच्यापैकी कोणाचा जाणार? मात्र ४७ पुन्हा तपासायचाच. तोच अवयव दोनदा येऊ शकतो, आणि ही तपासणी गाळली जाते म्हणूनच वर्ग सुटतात.

उरलेल्या सोळा:

४७ → २३, ५३ → १८, ५९ → २०, ६१ → १४,
६७ → ५४, ७१ → ३८, ७३ → ६६, ७९ → ५७,
८३ → ६८, ८९ → ८६, ९७ → ४३, १०१ → ४९,
१०३ → ७०, १०७ → ४१, १०९ → ९६, ११३ → १६

कुठेही शून्य नाही, म्हणजे १४५९३ मूळ. (तिच्या दोन मागची १४५९१ सुद्धा मूळ आहे, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी. आपल्या कामाला त्याचा उपयोग नाही, पण अशी जोडी मध्येच भेटली की मजा वाटते.)

अंतिम रूप: १२३४५६७८ = २ × ३² × ४७ × १४५९३

ताळा, पुढे जाण्याआधी

९ चा ताळा (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची) सगळे करतात. ४७ चे अंक ४+७ = ११, म्हणजे २. १४५९३ ची बेरीज २२, म्हणजे ४. २ × ४ = ८. ६८५८७१ ची बेरीज ३५, म्हणजे ८. जुळलं.

पण एवढ्यावर विसंबू नका. अंकांची जागा बदलली तर ९ चा ताळा ते पकडत नाही. ६८५८७१ ऐवजी ६८५८१७ लिहिलं असतं तरी तो ८ च आला असता. म्हणून जोडीला ११ चा ताळा करा: उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा वजा. ४७ साठी ३. १४५९३ साठी ३−९+५−४+१ = −४, म्हणजे ७. ३ × ७ = २१, बाकी १०. ६८५८७१ साठी १−७+८−५+८−६ = −१, म्हणजे १०. जुळलं. ६८५८१७ साठी हाच ताळा ० आला असता आणि चूक तिथेच सापडली असती.

दोन्ही ताळे जुळेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ६: विभाजकांची संख्या

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. घातांक १, २, १, १ आहेत, म्हणून २ × ३ × २ × २ = २४ विभाजक.

चूक होते ती १ न मिळवता घातांकच गुणण्याची. उत्तर २ येतं आणि तरी कोणाला खटकत नाही! दुसरी चूक म्हणजे ३² ला ९ हा एक वेगळा मूळ अवयव मानणं. मग २ × २ × २ × २ = १६ येतात आणि आठ विभाजक गळतात.

यादी करून खात्री करून घ्या. वर्गमुळाहून (३५१३) लहान विभाजक १, २, ३, ६, ९, १८, ४७, ९४, १४१, २८२, ४२३, ८४६ असे बारा आहेत. प्रत्येकाचा जोडीदार वर्गमुळाच्या पलीकडे असतो: १ चा १२३४५६७८, २ चा ६१७२८३९, असं करत ८४६ चा १४५९३. बारा जोड्या, चोवीस विभाजक. पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी सम असते. विषम आली तर काहीतरी राहिलंय.

टप्पा ७: विभाजकांची बेरीज

प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या मोठ्यात मोठ्या घातापर्यंतची बेरीज घ्या आणि या बेरजांचा गुणाकार करा:

(१+२) × (१+३+९) × (१+४७) × (१+१४५९३)
= ३ × १३ × ४८ × १४५९४
= २,७३,१९,९६८

सावधान: दुसऱ्या कंसात १+९ = १० नव्हे, १+३+९ = १३. मधला ३ विसरणं ही या टप्प्यावरची सर्वांत जास्त दिसणारी चूक.

संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या विभाजकांची बेरीज २,७३,१९,९६८ − १,२३,४५,६७८ = १,४९,७४,२९०. ही बेरीज आपल्या संख्येपेक्षा मोठी आहे. ती अगदी बरोबरीची असती तर संख्या परिपूर्ण म्हटली असती. इथे २६,२८,६१२ ने जास्त आहे. वजाबाकी न करताच तुलना करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हिशेबाने जगातली १ सोडून प्रत्येक संख्या 'जास्त'च ठरते.

टप्पा ८: सहमूळ किती

१ पासून १२३४५६७८ पर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही? पुन्हा एकेका अवयवावरून: २ साठी १, ४७ साठी ४६, १४५९३ साठी १४५९२. ३² साठी मात्र ८ नव्हे, ६. नऊपर्यंत ३, ६ आणि ९ असे तीन गळतात.

१ × ६ × ४६ × १४५९२ = ४०,२७,३९२

११ चा ताळा: गुणकांच्या बाक्या १, ६, २, ६, त्यांचा गुणाकार ७२, बाकी ६. ४०२७३९२ साठी २−९+३−७+२−०+४ = −५, म्हणजे ६. जुळलं.

टप्पा ९: वर्गांचे प्रश्न

अवयव हातात असले की हे पटापट सुटतात.

दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी? ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणून अशक्य. दोन वर्गांची वजाबाकी ४ ने भागली तर बाकी ०, १ किंवा ३ च येते.

दोन पूर्ण वर्गांची बेरीज? ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारे मूळ अवयव बघायचे, इथे ३ आणि ४७. अशा प्रत्येकाचा घातांक सम हवा. ३ चा २ आहे, चालेल. ४७ चा १ आहे, म्हणून नाही. चूक होते ती पहिला अवयव पास झाला की तपास थांबवण्याची.

तीन वर्गांची बेरीज? संख्येतून ४ जितक्या वेळा काढता येतील तितके काढून, उरलेल्याला ८ ने भागल्यावर बाकी ७ नको. इथे ४ एकदाही निघत नाही आणि बाकी ६ आहे, म्हणून जमतं.

त्रिकोणी संख्या (१+२+३+… अशा सलग बेरजेतून येणारी)? आठपट करून १ मिळवा, ९८७६५४२५ येतात. हा पूर्ण वर्ग हवा. ९९३८² = ९८७६३८४४, ९९३९² = ९८७८३७२१. मध्येच पडली, म्हणून नाही.

टप्पा १०: अंकांचे गुण वेगळ्या पानावर

आतापर्यंतचे गुण संख्येचे होते, कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. अंकांची बेरीज, उलटसुलट क्रम वगैरे मात्र दशमान पद्धतीतल्या लिखाणाचे गुण. दोन्ही एका यादीत घातले की घोळ होतो.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची हर्षद संख्या घ्या: अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. आपली बेरीज ३६. संख्येला ९ ने भाग जातो, सम पण आहे, म्हणून पुष्कळ जण 'हर्षद' लिहून मोकळे होतात. ३६ ला ४ आणि ९ दोन्ही हवेत, आणि ४ चा भाग जात नाही हे पहिल्याच टप्प्यात कळलं होतं. ३६ ने भागल्यावर ३४२९३५.५ येतात. ही हर्षद नाही.

द्विमान पद्धतीत लिहायची असेल तर सतत २ ने भागत बाक्या लिहा आणि खालून वर वाचा:

१०११११०००११००००१०१००१११०

अंक २४, त्यात १ हा बारा वेळा. अंकांची संख्या आधीच पडताळता येते: २²³ = ८३८८६०८ आणि २²⁴ = १६७७७२१६, आपली संख्या या दोहोंच्या मधली, म्हणजे चोवीसच अंक हवेत. सम संख्येच्या शेवटी ० हवं. १ आला तर तुम्ही वरून खाली वाचलंय.

भागत जाताना १८८, ९४ यांच्यानंतर ४७ दिसेल. ४७ आपला अवयव आहे म्हणून तो इथे आला, असं समजू नका. मधल्या बाक्या टाकून दिलेल्या असतात, त्यामुळे या यादीचा अवयवांशी संबंध नाही.

संख्या याहून मोठी असेल तर

एकच अंक वाढवून १२३४५६७८९ घ्या. ९ बाहेर काढल्यावर १३७१७४२१ उरते, सीमा ३७०३, आणि पहिला अवयव थेट ३६०७ ला सापडतो: १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. ३६०७ पर्यंत पाचशेच्या वर मूळ संख्या आहेत. म्हणजे किती अंक यापेक्षा दुसरा सर्वांत मोठा मूळ अवयव किती मोठा, यावर काम ठरतं. आपल्या संख्येत तो ४७ होता म्हणून दुपारभरात आटपलं.

तेव्हा टप्पा ३ पर्यंत हाताने करा, पुढचं संगणकावर सोडा. लिनक्सवर 'फॅक्टर' ही आज्ञा असते, पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो. मात्र पायथॉनमध्ये भागाकारासाठी एकेरी तिरकी रेघ वापरू नका, तिने दशांश येतो आणि मोठ्या संख्येत शेवटचे अंक बिघडतात. बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह आणि पूर्ण भागासाठी दुहेरी तिरकी रेघ वापरा. अवयव मिळाले की ते स्वतः गुणून ९ चा आणि ११ चा ताळा करा. संख्या टाइप करताना एक अंक चुकला असेल तर संगणक त्या चुकीच्या संख्येचं अगदी अचूक उत्तर देतो.